‘आळशी’ म्हणायच्या आधी त्याचे हात हलतात का ते बघा : स्किझोफ्रेनिया, गोळ्या अन् अंगाची हालचाल

माझा लहान भाऊ वावरातून घरी यायचा तेव्हा त्याचे दोन्ही हात अंगाला चिकटलेले असायचे. पाय चालायचे, हात नाही. आठ महिने आम्ही सगळे ते बघत होतो अन् कोणालाच दिसलं नाही. बाबा म्हणायचे याच्या अंगात आळस भरला, शेजारचे काका म्हणायचे गोळ्यांनी पोट्ट्याचं डोकं सुन्न केलं, आणि मी, बारावी सायन्स शिकलेला, मी रोज म्हणायचो उठ बे, फिरून ये, बसून बसून काय होते. शेवटी ओपीडीत नवीन आलेल्या एका डॉक्टर मॅडमनी त्याला दारापासून खुर्चीपर्यंत येताना नुसतं बघितलं आणि विचारलं, "हे हात कधीपासून असे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

हे ज्यांच्या घरी नुकतंच स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातला कापूस-तुरीवाला माणूस आहे, बारा वर्षं भावाला घेऊन लायनीत उभा राहतो एवढंच माझं या विषयातलं शिक्षण. गोळीचा डोस मी सांगणार नाही आणि तुम्हीपण कोणाच्या सांगण्यावरून बदलू नका. पण काय बघायचं, डॉक्टरला कसं सांगायचं आणि मग माणसाला पुन्हा चालतं कसं करायचं, हे सांगू शकतो.

सगळ्यात आधी : हळू का झाला ते ओळखा

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना आवाज ऐकू येणं, संशय घेणं, एकटं बडबडणं एवढंच माहीत असते. ते दिसते म्हणून. पण याच आजाराचा दुसरा भाग आहे जो आवाज करत नाही : कशाची इच्छाच न होणं. माझा भाऊ एकदा सकाळी ओट्यावर ब्रश हातात घेऊन बसला, ब्रशवर पेस्ट लावलेली, अन् मी ढोरं सोडून परत आलो तरी तसाच बसलेला, पेस्ट वाळून कडक झालेली. त्याला दात घासायचे नव्हते असं नाही, त्याच्याच शब्दात सांगतो, "दादा, सुरूच नाई होत."

तर माणूस हळू होण्याची मुख्य तीन कारणं असतात. एक आजार स्वतः. दोन गोळी किंवा इंजेक्शन. तीन म्हणजे महिनोन्महिने बाजेवर पडून अंगातली ताकदच जाणं आणि वजन वाढणं. बहुतेक घरात तिन्ही मिसळलेलं असते, पण तिन्हीचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी ओळखायचं. गोळीमुळं अंग कडक झालेल्या माणसाला "चाल, पळ" म्हणून ढकलणं म्हणजे ब्रेक लागलेली बंडी बैलाला मारून ओढायला लावणं आहे, आणि आम्ही नेमकं तेच केलं.

इथं एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, कारण गावात प्रत्येक जण तुम्हाला उलटं सांगणार आहे. "गोळ्या बंद कर, आपोआप मोकळा होईल." असं नसते. पहिली खरी गोळी, क्लोरप्रोमाझीन, मानसिक आजारासाठी फ्रान्समध्ये १९५२ ला वापरात आली. माणूस दगडासारखा थिजतो, हात वर करून ठेवला तर तसाच राहतो, या कॅटाटोनियाचं वर्णन जर्मनीच्या काल्बाउम नावाच्या डॉक्टरनं १८७४ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे गोळी यायच्या ७८ वर्षं आधी. (ते थिजणं बाकीच्या आजारातही येते, फक्त याच्यातच नाही.) नव्वदच्या दशकात तामिळनाडूत तर अशा पेशंटना तपासलं गेलं ज्यांनी आयुष्यात एक गोळी घेतली नव्हती, त्यांच्यातल्याही काहींच्या अंगात कडकपणा आणि तोंडाच्या विचित्र हालचाली सापडल्या. तेव्हा गोळी बंद केली की सगळं बरं, हा हिशोब जमत नाही, उलट आजार दुप्पट होऊन परत येते, आम्ही एकदा भोगलं आहे.

पहिले सात दिवस काहीच करू नका, फक्त बघा

खरंच. (खाली सांगितलेली तातडीची लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही.) व्यायाम नाही, फिरणं नाही, टोमणे तर बिलकुल नाही. एक शाळेची वही घ्या आणि रोज दोन ओळी लिहा. बघायचं काय ते सांगतो.

चालताना हात हलतात का, दोन्ही सारखे हलतात का. पाय उचलते की घासत नेते, चपलेचा आवाज ऐका, फरफर येते का. वळताना एका झटक्यात वळते की छोटी छोटी पावलं टाकत फिरते. शर्टाची बटनं लावायला किती वेळ लागतो. चेहरा हसताना हलतो का, कारण चेहराच कडक झाला तर लोकांना वाटते याला काही भावनाच नाही. लाळ गळते का, उशी ओली असते का. हात मांडीवर ठेवून बसला असताना थरथरतात का. बसल्याजागी पाय हलवत राहतो का. तोंड, जीभ, ओठ आपोआप हलतात का. सही आधीच्यापेक्षा बारीक झाली का, बँकेच्या पासबुकावरची जुनी सही काढून शेजारी ठेवून बघा, आमचं तिथंच पकडलं गेलं.

आणि प्रत्येक गोष्टीपुढं तारीख टाका : कधीपासून. नवीन गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, तेही. ही तारीख सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकी वही एकवेळ हरवली तरी चालेल.

गोळीमुळं होणारे चार प्रकार, आमच्या भाषेत

मान किंवा डोळे वळणं. हे तासांत किंवा चार-पाच दिवसांत होते, जास्त करून तरुण पोरांना, आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधाचं इंजेक्शन घेतल्यावर. माझ्या भावाला पहिल्यांदा एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवता जेवता त्याची मान उजवीकडं वळली आणि वळलेलीच राहिली, डोळे वर टिनाकडं, जीभ बाहेर. आजी म्हणे हे बाहेरचं आहे, लिंबू आणा. दोन तास आमचे लिंबात गेले, मग कोणीतरी गाडी काढली, तालुक्याला नेलं, तिथं फेनरगनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. पोरगं रडत होतं. ज्यांनी पहिलं इंजेक्शन दिलं त्यांनी असं होऊ शकते हे एका शब्दानं सांगितलं असतं तर ते दोन तास वाचले असते, हा राग माझा अजून गेला नाही. तुम्ही एवढं करा : असं कधी झालं असेल तर फाईलच्या कव्हरवर लाल पेननं औषधाचं नाव टाकून लिहून ठेवा. आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर एक मिनिट थांबू नका.

पाय न थांबणं. याला डॉक्टर अकॅथिसिया म्हणतात. माणूस बसू शकत नाही, उठते, अंगणात येरझारा घालते, परत बसते, परत उठते. ओळखीच्या एका घरच्या सुनेला हे झालं तर घरच्यांना वाटलं आजार वाढला, डॉक्टरला तसंच सांगितलं, डोस वाढला, ती रात्रभर अंगणात फिरायला लागली. म्हणून त्या माणसालाच विचारा, शांतपणे, "बसावंसं वाटते पण बसवत नाही का? आतून कसंतरी होते का?" हो म्हटलं तर हे शब्द तसेच्या तसे डॉक्टरला सांगा. डोस कमी करून, गोळी बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देऊन हे आटोक्यात येते. (दमा असेल तर तेही आधीच सांगा.) हे साधं समजू नका, या तगमगीत माणसाच्या मनात जीव द्यायचेही विचार येतात, म्हणून पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन लावा.

अंग कडक होणं, हात न हलणं, थरथर. माझ्या भावाचं हेच. हे हळूहळू, आठवड्या-महिन्यांत येते म्हणून घरच्यांच्या नजरेत बसत नाही, रोज बघणाऱ्याला वाढलेलं पोट दिसत नाही तसं. डोस कमी केला किंवा औषध बदललं तर बहुतेकांचं सुटते. काहींना ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, पॅसिटेन म्हणून मिळते. पण ती गोळी मनानं वाढवू नका, तिनं तोंड कोरडं पडते, संडास कडक होते, लघवी अडते, विसरायला होते आणि घामही कमी येते, घामाचं पुढं सांगतो कारण आपल्या विदर्भात तो जिवाचा प्रश्न आहे.

तोंड चघळत राहणं. हे महिने-वर्षं गोळी घेतल्यावर येते, टार्डिव्ह डिस्कायनेशिया. आमच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक काका होते, त्यांची माय ऐंशीच्या घरातली, ती सारखी म्हणे, "खर्रा थुक, डॉक्टर येऊन राह्यले." काका म्हणत, "नाई खाल्ला मा." ती ऐकेना. शेवटी त्यांनी तोंड आऽऽ करून उघडून दाखवलं. तोंड रिकामं. जीभ मात्र आत वळवळत होती, आणि तोंड मिटल्याबरोबर जबडा परत चघळायला लागला. म्हातारी गप झाली, पदरानं त्यांचे ओठ पुसले. आपल्याकडं अर्धं गाव खर्रा (सुपारी-तंबाखू) खाते त्यामुळं हे कोणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा तोंड रिकामं करून दोन मिनिटं समोर बसवून बघत जा. हे जितकं लवकर सापडेल तितकं चांगलं. पॅसिटेननं हे जात नाही, वाढूही शकते, आणि गोळी एकदम तोडली तर काही दिवस आणखी जोरात दिसते.

डॉक्टरला दाखवायचं कसं

ओपीडीत गर्दी असते, तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, आणि डॉक्टरपुढं गेलं की हा माणूस नेमका ताठ बसते. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. तीनच : एक अंगणात दहा पावलं जाऊन परत येताना, पूर्ण अंग दिसलं पाहिजे, फक्त तोंड नाही. दुसरा खुर्चीत शांत बसलेला, हात मांडीवर, एक मिनिट. तिसरा बटनं लावताना किंवा ताटात भाकर मोडताना. त्याला विचारून काढा, चोरून नाही, आधीच संशयाचा आजार आहे.

आणि वाक्य तयार ठेवा. "सुस्त राहते" असं म्हटलं तर काहीच कळत नाही. "गोळी वाढवल्यापासून तिसऱ्या आठवड्यात उजवा हात हलायचा बंद झाला" असं म्हटलं तर डॉक्टर मान वर करून तुमच्याकडं बघतात. दिवसभर झोप येत असेल तर गोळी रात्री घेतली तर चालेल का हेही विचारा, कित्येकदा तेवढ्यानंच सकाळ मोकळी होते.

आता चालतं करायचं

औषधाचं बघून झालं की मगच इकडं या. आणि व्यायाम हा शब्द घरात काढू नका. माझ्या भावाला व्यायाम म्हटलं की तो पांघरूण वर घ्यायचा. "चाल, हापशीपर्यंत येतो का, पाणी आणायचं" म्हटलं की यायचा, रोज नाही, पण यायचा.

पहिला आठवडा फक्त हापशीपर्यंत. पाच मिनिटं. एकच वेळ, सकाळच्या चहाच्या आधी, चहा परत आल्यावर. ही लालूच आहे, आहेच, मला त्याची लाज नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेपर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत, मग नाल्यापर्यंत. मिनिटं मोजू नका, खुणा मोजा, गावच्या माणसाला खूण कळते. एखाद्या दिवशी नाही आला तर काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी परत त्याच वेळेला दारात उभं राहा.

सोबत कोणीतरी पाहिजेच. एकटं सोडलं की चार दिवसांत बंद पडते, आणि अभ्यासातही तेच निघालं आहे, सोबत शिकवणारा माणूस असला की लोक व्यायाम सोडत नाहीत. त्याच अभ्यासांमध्ये असंही दिसलं की आठवड्याला साधारण ९० मिनिटं जरा दम लागेल असा व्यायाम झाला तर ती इच्छा न होण्याची, गप बसण्याची लक्षणं कमी होतात. सगळ्या मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, ते नंतरचं ध्येय समजा. दम किती लागला पाहिजे? चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या संस्थेत गोळ्यांच्या जोडीला योगा देऊन बघितला, तोही उपयोगी पडला, पण आमच्या भावाला डोळे मिटून बसवलं की आवाज वाढायचे म्हणून आम्ही ते सोडलं. ज्याला जमते त्यानं करा.

हे सगळं कशासाठी तर हे वाचा. या आजाराची माणसं सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातलं मोठं कारण हार्ट आणि शुगर आहे. अभ्यासात मोजलं तर ही माणसं जागेपणी दिवसाचे जवळपास ११ तास बसून असतात. त्यात ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या गोळ्यांनी भूक अशी लागते की भाऊ रात्री एक वाजता डब्यातल्या भाकरी खायचा. म्हणून शिंप्याचा टेप आणा आणि दर महिन्याला बेंबीजवळ पोट मोजा, आपल्या लोकांसाठी पुरुषांचं ९० सेंटिमीटर आणि बायांचं ८० च्या वर गेलं की डॉक्टरला सांगायचं. शुगर, चरबीची तपासणी गोळी सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षाला एकदा तरी मागून घ्या. मागावी लागते, आपोआप कोणी करत नाही. चहातली साखर कमी करा, आमच्याकडं दिवसाला आठ कप व्हायचे, ते तीनवर आणायला एक वर्ष गेलं. फरसाणाच्या जागी फुटाणे ठेवले.

ताकदीसाठी दोनच गोष्टी. बाजेवरून हात न टेकता उठायचं अन् बसायचं, पाचपासून सुरू करून पंधरापर्यंत. आणि दोन्ही हातात एकेक अर्धी बादली धरून अंगण ओलांडायचं, एकाच हातात नाही, तोल जातो. हात हलत नसतील तर चालताना मोठ्यानं एक-दोन, एक-दोन म्हणा. आमच्याकडं तर बैलाच्या घंटीनं काम केलं, बैल पुढं, भाऊ मागं, घंटीच्या तालावर त्याचं पाऊल लांब पडायला लागलं हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बैलावरून आठवलं. आजाराच्या आधी त्याला काय आवडायचं ते शोधा, तिथं दार उघडं असते. माझा भाऊ पोळ्याला बैल सजवायचा, गावात त्याच्यासारखं शिंगं रंगवणारं कोणी नव्हतं. आजारात सगळं सुटलं. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दोन दिवस आधी मी मुद्दाम म्हटलं की मला जमत नाही, तूच धू बाबा नाल्यावर. गेला. पाऊण तास घासत होता, पाण्यात कमरेपर्यंत, वाकून, हात वर करून, एवढी हालचाल त्यानं त्या वर्षात केली नव्हती. घरी येऊन म्हणे, "हिंगुळ आण उद्या."

वावरातलं कामही मोजा, निंदण, कापूस वेचणी, गोठा झाडणं, सगळं चालते. फक्त किलोवर मजुरी असलेल्या टोळीत घालू नका. याचे हात हळू, बाकी बाया ओळीच्या टोकाला पोचतात अन् हा मधेच, मग हसतात, मग तो परत येत नाही. त्याला धुऱ्याजवळची वेगळी ओळ द्या.

घरात आजारी बाई असेल तर तिला "घरचं काम करते ना" म्हणून सोडून देऊ नका. चुलीपुढं बसून अंग मोकळं होत नाही. पहाटे बाया घोळक्यानं बाहेर निघतात तेव्हा तिला सोबत घ्यायला एखादीला सांगून ठेवा, आशाताई असेल तर उत्तमच. आणि पाळी बंद झाली असेल तर तेही डॉक्टरला सांगा, रिस्पेरिडोनसारख्या गोळीनं होते, लाजून कोणी सांगत नाही.

ऊन

हा भाग वाचल्याशिवाय मार्च ओलांडू नका. या गोळ्यांनी अंगाला आपलं तापमान सांभाळणं जड जाते, पॅसिटेननं घाम कमी येते, आणि आजारात तहान-ऊन कळतच नाही, भाऊ मे महिन्यात स्वेटर घालून बसायचा. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत किंवा दिवस बुडाल्यावर. पाण्याची बाटली हातात द्या आणि किती उरलं ते बघा, "पाणी पी" म्हणून सांगून होत नाही. डोक्याला दुपट्टा.

कुठं एकटं पाठवू नये

गोळीनं उठताना बीपी खाली जाते, चक्कर येते. म्हणून बाजेवरून आधी बसायचं, मग उभं राहायचं. विहिरीच्या काठावर, झाडावर, थ्रेशरजवळ, मोटरसायकलवर एकटा नको, निदान नवीन गोळीचे पहिले काही आठवडे. फवारणी तर कधीच नाही. २०१७ ला आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर धडधाकट माणसं गेली, याच्या हातात पंप देऊ नका. आणि फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात, किल्ली तुमच्या करदोड्याला. का ते तुम्हाला कळतेच.

बिडीचं एक. बिडी-सिगारेटच्या धुरानं ओलान्झापिन आणि क्लोझापिन अंगातून लवकर निघून जातात, म्हणून बिडी एकदम सोडली तर तीच गोळी जास्त चढते, माणूस झोपाळू आणि लटपट होते. सोडायचीच आहे, पण डॉक्टरला सांगून. खर्ऱ्यात धूर नाही म्हणून हा घोळ होत नाही, पण त्याचा कॅन्सर वेगळा.

१०८ ला फोन कधी

ताप आणि अंग लाकडासारखं कडक आणि बोलणं असंबद्ध, तिन्ही एकत्र दिसलं की लगेच. ही औषधाची दुर्मिळ पण जीव घेणारी रिअॅक्शन असू शकते. मे महिन्यात लोक म्हणतील ऊन लागलं, असेलही, पण उन्हाचा झटका असो की ही रिअॅक्शन, दोन्हीला घरी कांद्याचा रस पुरत नाही, अंग ओलं करत करत दवाखान्यात न्या आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पान सोबत द्या. माणूस थिजला, खाणं-पाणी दोन्ही बंद, तरी तसंच. या थिजण्याला लोराझेपाम हे औषध आणि गरज पडली तर शॉक ट्रीटमेंटनं फरक पडते, शॉकच्या नावानं घाबरून घरी ठेवू नका. क्लोझापिनवर असेल तर ताप आणि घसा दुखला की रक्त तपासणी त्याच दिवशी, आणि तीन दिवस संडास झाली नाही तर तेही हसण्यावारी नेऊ नका.

रात्री-बेरात्री काही सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कागदं, थोडक्यात

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आणि गोळ्या मिळतात, तालुक्याला कोणत्या दिवशी टीम येते ते आशाताईला विचारा, एसटीचं भाडं वाचते. भरती लागली तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार अपंगत्वात धरला आहे, ४० टक्के किंवा वर निघालं तर सवलतींसाठी चालणारं सर्टिफिकेट मिळते, ते हातात आलं की संजय गांधी निराधारसाठी तहसीलला विचारा. फोटो काढताना त्याला नवा शर्ट घाला, तो कार्ड वर्षानुवर्षं खिशात ठेवणार आहे.

आमचं काल असं झालं. संध्याकाळी भाऊ धुऱ्यावरून येत होता, खांद्यावर दोरखंड, पुढं बैल. डावा हात चांगला हलत होता, उजवा अजून थोडा मागं राहते. त्याला विचारून व्हिडिओ काढला, एकदा नीट आला नाही तर तोच म्हणे थांब, परत चालतो. सोमवारी मॅडमला दाखवायचा आहे.